मूल्यमापनाची तारीख ठरली, पण कार्यक्रम त्यासाठी तयार आहे का?

नोंदवही

विकास सहकार्याच्या कार्यक्रमांत मूल्यमापन कधी व्हायचं ते करारावर सह्या होतानाच ठरून जातं. मध्यावधीला एक, अखेरीस एक. ठरलेला महिना जवळ आला की टीओआर, म्हणजे मूल्यमापकांनी काय करायचं ते सांगणारा दस्तऐवज, लिहिला जातो, निविदा निघते, सल्लागारांचं पथक नेमलं जातं. या धावपळीत एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो: आज आहे त्या अवस्थेत या कार्यक्रमाचं मूल्यमापन होऊ शकतं का, आणि झालं तर त्यावरून कुणाला काही ठरवता येणार आहे का?

सध्या माझं काम नेमकं याच प्रश्नावर आहे, म्हणून हा धागा काढतेय. आमच्याकडे याला इव्हॅल्युएबिलिटी असेसमेंट म्हणतात. इथे मी सज्जता तपासणी म्हणेन.

कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये जोसेफ व्होली आणि त्यांचे सहकारी सरकारी कार्यक्रमांची मूल्यमापनं पाहत होते. पैसा खर्च होत होता, अहवाल येत होते आणि वापराविना पडून राहत होते. दोष दर वेळी मूल्यमापकांचा नव्हता. कुठे उद्दिष्टंच धूसर होती. कुठे जे काम चाललं होतं त्यातून अपेक्षित बदल घडेल हे पटण्यासारखं नव्हतं. कुठे हाती आलेल्या माहितीवर पाऊल उचलण्याची व्यवस्थापकांची तयारी नव्हती, किंवा त्यांना तशी मुभा नव्हती. मोठं मूल्यमापन हाती घेण्याआधी छोटी, स्वस्त तपासणी करावी हा विचार त्यातून पुढे आला. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने (डॅक) २००२ च्या शब्दसूचीत ही संज्ञा घेतली. २०१३ मध्ये ब्रिटनच्या डीएफआयडीने, म्हणजे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने, रिक डेव्हिस यांचा यावरचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात या तपासणीच्या तीन बाजू मांडल्या आहेत: कार्यक्रमाची रचना तर्काला धरून आहे का, माहिती प्रत्यक्षात मिळेल का, आणि आजूबाजूची परिस्थिती व माणसं मूल्यमापनाचा उपयोग होऊ देतील का.

पहिल्या दोन बाजू सगळे तपासतात. तिसरीला अहवालात एखादा परिच्छेद मिळतो. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

सध्या माझ्यासमोर अनेक देशांत चालणारा पाणीपुरवठ्याचा कार्यक्रम आहे. देणगीदार आणि देश सांगत नाही. मुख्य निर्देशक आहे ‘सुरक्षित पाणी मिळणारी कुटुंबं’. सुरुवातीच्या अहवालांत सुधारित स्रोत, म्हणजे हातपंप, झाकलेली विहीर, नळ असं काही असलं की कुटुंब मोजलं जायचं. शाश्वत विकास उद्दिष्टं आल्यावर डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमाने २०१७ पासून पायऱ्या बदलल्या. ‘मूलभूत’ सेवेसाठी स्रोत सुधारित तर हवाच, शिवाय रांगेसकट जाऊन येऊन ३० मिनिटांच्या आत पाणी मिळायला हवं. बदल योग्यच होता. पण या कार्यक्रमात काही देशांनी नवी व्याख्या घेतली, काहींनी जुनीच ठेवली, आणि एका देशाने मधल्या वर्षी बदलली. वार्षिक अहवालात मात्र सगळे आकडे एकाच रकान्यात, एकाखाली एक. आलेखातली रेघ कधी वर जाते, कधी खाली येते. यातलं किती पाण्यामुळे आणि किती व्याख्येमुळे, हे सांगायचं तर मूळ नोंदी हव्यात. त्या अजून मिळालेल्या नाहीत.

अशा वेळी ‘आत्ता मूल्यमापन नको’ असं लिहायची मुभा तपासणी करणाऱ्याला नसेल, तर तपासणी कशासाठी करायची? उत्तर ‘हो’च येणार हे आधीच ठरलेलं असेल, तर तो मूल्यमापनाचाच आणखी एक हप्ता झाला.

तुमच्यापैकी कुणी असं ‘आत्ता नको’ लिहून दिलंय का? पुढे काय झालं?

---

मोजपट्टी

चांगला विषय. वापराच्या मुद्द्यावर मी नंतर येईन, आधी माहितीच्या बाजूबद्दल लिहितो. तीही ‘सगळे तपासतात’ म्हणण्याइतकी नीट तपासली जात नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट सांगतो. प्रस्तावात लिहिलेलं असतं की बेसलाइनला, म्हणजे सुरुवातीच्या मोजणीला, ६०० कुटुंबांची पाहणी केली आहे, म्हणजे नमुना पुरेसा आहे. मग पुढे बघावं तर ही ६०० कुटुंबं ३० गावांतून प्रत्येकी २० अशी घेतलेली. एकाच गावातली कुटुंबं बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखी असतात. तीच विहीर, तीच शाळा, तोच रस्ता. हा सारखेपणा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१ धरला तर हिशेब असा: १ + (२० − १) × ०.१ = २.९. सहाशेला २.९ ने भागा. हाती उरतात साधारण २०७ कुटुंबांइतकी माहिती. तीच ६०० कुटुंबं ६० गावांतून दहा-दहा घेतली असती तर भाजक १.९ झाला असता आणि ३१५ च्या आसपास उरली असती. पाहणीचा प्रवासखर्च वाढला असता, हे खरं.

आता कार्यक्रमाने आश्वासन दिलंय लहानशा बदलाचं. २०७ मध्ये तो बदल दिसणारच नाही. तो झाला असला तरी दिसणार नाही. अखेरच्या अहवालात ‘लक्षणीय परिणाम आढळला नाही’ असं वाक्य येतं आणि वाचणारा समजतो, कार्यक्रम फसला. फसला की नाही हे कुणालाच कळलेलं नसतं. हा हिशेब करायला एक दुपार पुरते, आणि तो निविदेच्या आधी करायचा असतो.

दुसरं, हंगाम. बेसलाइन सुगीनंतर आणि एंडलाइन, म्हणजे अखेरची मोजणी, टंचाईच्या महिन्यांत झाली असेल तर अन्नसुरक्षेचे आकडे समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही. तारखा पाहणीच्या अहवालाच्या परिशिष्टात असतात. त्या बघायला पाच मिनिटं लागतात आणि त्या बघितल्या जात नाहीत.

---

शिदोरी

वाचतेय. मी या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतेय, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या.

आम्हाला वर्गात शिकवलं की बेसलाइन नसेल तरी मागाहून आठवणीवर आधारित प्रश्न विचारून किंवा दुय्यम माहितीवरून ती उभी करता येते. तुलनेचा गट, म्हणजे कार्यक्रम न पोचलेली तशीच माणसं किंवा गावं, हाही नंतर जुळवता येतो. मग ‘तयार नाही’ असं म्हणायची वेळ खरंच येते का? थोडी कमी दर्जाची माहिती घेऊन पुढे जाता येणार नाही का? आणि कार्यक्रम तयार नसताना मूल्यमापन केल्याने नुकसान झालंय, असं एखादं माहितीतलं उदाहरण आहे का?

---

दूरचा_डोंगर

@शिदोरी, उदाहरण आहे आणि ते सगळ्यांनी वाचावं असं आहे. मिलेनियम व्हिलेजेस प्रोजेक्ट.

केनियातल्या सौरी गावापासून सुरुवात झाली आणि मग आफ्रिकेतल्या दहा देशांत प्रकल्प पसरला. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते, पाणी या सगळ्यांत एकदम गुंतवणूक केली तर अतिगरीब गावं संयुक्त राष्ट्रांची सहस्रक उद्दिष्टं गाठू शकतात, असा अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दावा होता. दावा मोठा, पैसा मोठा, जगाचं लक्ष त्याहून मोठं. पण गावं निवडताना तुलनेची गावं ठरवली नव्हती. ती नंतर निवडली गेली, आणि तीही यादृच्छिक पद्धतीने नाही.

२०१० मध्ये मायकेल क्लेमेन्स आणि गॅब्रिएल देमोंबीन या अर्थतज्ज्ञांनी साधी गोष्ट केली. प्रकल्पाच्या गावांत जे बदल प्रकल्पाचे म्हणून सांगितले जात होते, ते त्याच काळात आजूबाजूच्या भागात कसे होते हे सार्वजनिक पाहण्यांमधून पाहिलं. बरेचसे बदल प्रकल्पाबाहेरही होत होते. मोबाइल फोन तर सगळीकडेच वाढत होते. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बालमृत्यूंबद्दलचा शोधनिबंध आला आणि त्यातला एक ठळक दावा लेखकांना दुरुस्त करावा लागला.

प्रकल्प २०१५ मध्ये संपला. अखेरचं मूल्यमापन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यासाठी तुलनेची गावं मागाहून जुळवावी लागली होती, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. काम अतिशय काळजीपूर्वक केलेलं आहे. ४० पैकी ३० निर्देशकांवर प्रकल्पाच्या गावांच्या बाजूने परिणाम दिसला, ठरवलेली लक्ष्यं मात्र साधारण एक तृतीयांशच गाठली गेली. पण वाद मिटायला जी माहिती लागते ती पहिल्या वर्षीच गोळा व्हायला हवी होती. बरीच वर्षं वाद चालला आणि त्या काळात कार्यक्रमात सुधारणा करता आल्या असत्या.

आता याच प्रकल्पाची दुसरी बाजू. उत्तर घानामध्ये डीएफआयडीच्या पैशावर याच धर्तीचं एक मिलेनियम व्हिलेज २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे स्वतंत्र मूल्यमापनाची आखणी सुरुवातीलाच झाली, तुलनेची गावं आधी ठरली, बेसलाइन दोन्हीकडे झाली. निष्कर्ष प्रकल्पाला फारसा सुखावणारा नव्हता. गावं गरिबीच्या सापळ्यातून बाहेर पडली असं म्हणता आलं नाही. पण तो निष्कर्ष ऐकून ‘तुमची तुलनाच चुकीची’ म्हणत तसा गदारोळ झाला नाही. कल्पना तीच. फरक एवढाच, की दुसरीकडे मूल्यमापनाची तयारी आधी झाली होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, मागाहून बरंच काही उभं करता येतं. पण आठवणीवर शाळेत कोण जात होतं हे मिळेल, चार वर्षांपूर्वी महिन्याला किती खर्च व्हायचा हे नाही मिळणार. कुठल्या प्रश्नाला कुठली माहिती लागते ते बघूनच ठरवावं लागतं.

---

उंबरठा

मी अंमलबजावणीच्या बाजूने लिहितेय. फील्डवर राहून काम करणाऱ्यांना ‘सज्जता तपासणी’ म्हटलं की आणखी एक पथक, आणखी एक एक्सेलची फाइल, असंच वाटतं. त्यांचं चुकत नाही. वर्षभरात देणगीदाराची देखरेख भेट, लेखापरीक्षण, मध्यावधी आढावा, भागीदार संस्थेची पाहणी, सरकारी खात्याची भेट असं सगळं येऊन जातं. आणि प्रत्येक जण त्याच घरांत जाऊन त्याच बाईला विचारतो, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, आजारी कोण पडलं होतं.

ती बाई उत्तरं देते कारण घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, आणि यादीतून नाव जाईल अशी धास्तीही असते. तिचा वेळ कुणाच्या हिशेबात नसतो. ज्या मूल्यमापनातून काहीच ठरणार नाही त्यासाठी तिचा एक तास घेणं मला मान्य नाही. तपासणीत ‘प्रतिसादकांवरचा भार’ असा एक रकाना असतोच असं नाही. तो असायला हवा, आणि त्या रकान्यावरून मूल्यमापन थांबवता आलं पाहिजे.

@नोंदवही, तिसऱ्या बाजूबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. पण ‘वापर’ म्हटलं की सगळे देणगीदाराच्या मुख्यालयाकडे बघतात. अहवाल जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला कळेल अशा भाषेत असणार आहे का? पाणी समितीला कुणी सांगणार आहे का की तुमच्याबद्दल काय लिहिलंय? हे प्रश्न तपासणीतच विचारा. नंतर कुणी विचारत नाही.

आणखी एक. कर्मचाऱ्यांना भीती असते. पुढचा निधी या अहवालावर अवलंबून आहे हे त्यांना माहीत असतं. आकडे फुगवले जातात ते दर वेळी बेईमानीने नाही, नोकरी टिकवायला. तपासणीला आलेल्या माणसाने हे वातावरण ओळखलं नाही तर कागदावरची माहिती कितीही नीटनेटकी असो, तिच्यावर विसंबून उपयोग नाही.

---

काजवा

थोडा वेगळा सूर लावतो. माझं काम सुशासन आणि मानवाधिकारांच्या कार्यक्रमांमध्ये आहे, आणि आम्हाला या तपासण्यांचा जाच होतो. गुण द्यायची पद्धत बघा. निर्देशक मोजता येण्याजोगे आहेत का, बेसलाइन आहे का, तुलनेचा गट आहे का. लसीकरणाचा कार्यक्रम असेल तर सगळीकडे बरोबरच्या खुणा. संसदेच्या समित्यांना बळ देणारा कार्यक्रम असेल तर सगळीकडे फुल्या. एका देशात संसद एकच असते. तुलनेला दुसरी कुठून आणणार?

स्वीडनच्या सीडा या विकास सहकार्य संस्थेने २००० मध्ये लोकशाही आणि मानवाधिकारांच्या प्रकल्पांच्या मूल्यमापनक्षमतेवरच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही अडचण तेव्हापासून लोकांना दिसतेय. तरी आजही एकच तक्ता सगळ्यांना लावला जातो. आंतर-अमेरिकी विकास बँकेने प्रकल्प मंजुरीच्या वेळीच मूल्यमापनक्षमतेला गुण द्यायची व्यवस्था केली. त्याचा फायदा असा, की प्रकल्प लिहिणारे सुरुवातीलाच विचार करतात. पण गुणांवर मंजुरी ठरायला लागली की लोक मोजायला सोपं तेच लिहायला लागतात, ही काळजीही तितकीच खरी आहे.

माझं म्हणणं असं, की कार्यक्रम नुसता ‘तयार’ किंवा ‘नातयार’ नसतो. अमुक प्रश्नासाठी, अमुक वेळी, अमुक पैशांत तयार आहे का, असं विचारायला हवं. ‘या कार्यक्रमामुळे भ्रष्टाचार किती टक्क्यांनी घटला?’ या प्रश्नासाठी आमचा कार्यक्रम कधीच तयार होणार नाही. ‘लेखा समितीच्या शिफारशी सरकारने मान्य केल्या त्यात आमच्या कामाचा हात होता का, आणि कसा?’ या प्रश्नासाठी आज तयार आहे. त्यासाठी प्रोसेस ट्रेसिंग (घटनांचा क्रम पुराव्यानिशी तपासणं) आहे, जॉन मेन यांचं काँट्रिब्युशन अ‍ॅनालिसिस (बदलात आपला वाटा किती पटण्याजोगा आहे ते तपासणं) आहे. त्याला लागतात बैठकींची इतिवृत्तं, मसुद्यांच्या आधीच्या प्रती, कुणी कधी काय बोललं याच्या तारखा. हे जपून ठेवलंय का, हा आमच्यासाठी बेसलाइनचा प्रश्न. आणि तो तक्त्यात कुठेच नसतो.

---

मोजपट्टी

@काजवा, पूर्ण सहमत. माझा सहाशेचा हिशेबही एका विशिष्ट प्रश्नापुरताच आहे. प्रश्न बदलला की हिशेब बदलतो. आमच्यातल्या आकडेवाल्यांनी हे जास्त वेळा बोलून दाखवायला हवं.

---

दूरचा_डोंगर

आता @नोंदवहीच्या मूळ मागणीला थोडा विरोध करतो. ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा हवी हे बरोबर. पण मी देणगीदाराच्या कार्यालयात काम केलंय, आणि ही मुभा ढालीसारखी वापरलेली पाहिली आहे. वरिष्ठांच्या आवडीचा कार्यक्रम, भेटी देणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम. तपासणी झाली, अहवाल आला: माहिती पुरेशी नाही, मूल्यमापन पुढे ढकला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माहिती पुरेशी व्हावी म्हणून मधल्या काळात कुणी बोटही हलवलं नाही. टप्पा संपला, दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली, पैसे वाढले. पहिल्या टप्प्यात काय झालं ते कुणालाही माहीत नाही. हा कार्यक्रम करदात्यांच्या पैशावर चालत होता आणि त्यात गरीब देशाच्या आरोग्य खात्याची माणसं गुंतलेली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापन गटाची २०१६ ची मानकं बघा. तिथे सज्जता तपासणी मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणून सांगितली आहे, आणि ती कशासाठी, तर निर्णयाला वेळेवर, विश्वासार्ह माहिती मिळण्याची शक्यता वाढावी म्हणून. पायरी म्हणजे वर चढण्यासाठी. तिथेच बसून राहायचं नाही.

म्हणून माझा आग्रह: ‘नको’ लिहिणाऱ्याने तीन गोष्टी त्याच पानावर लिहाव्यात. काय कमी आहे, ते कुणी आणि कधीपर्यंत भरून काढायचं, आणि तोपर्यंत दुसऱ्या टप्प्याचे पैसे थांबणार की नाही. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांना कुणी विचारत नाही.

---

नोंदवही

सगळ्यांचे आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@दूरचा_डोंगर, तुमचा मुद्दा मान्य, आणि पैशांची अट मी मसुद्यात घालतेय. पण एक भर घालते. तपासणी कार्यक्रमाच्या अखेरीस केली तर ‘नको’ म्हणजे ढालच ठरते, कारण तोपर्यंत काही भरून काढायला वेळच उरलेला नसतो. पहिल्या वर्षी केली तर तेच ‘नको’ दुरुस्तीची यादी होते: व्याख्या एक करा, तुलनेची गावं ठरवा, नोंदींना ओळख क्रमांक द्या. त्यामुळे माझा जोर आता वेळेवर आहे. रचनेनंतर लगेच एकदा, आणि मूल्यमापनाचा टीओआर लिहिण्याआधी पुन्हा एकदा.

@काजवा, प्रश्नाशी जोडून बघायचं हे फार महत्त्वाचं आहे. मी आजच टीओआरच्या मसुद्यातले मूल्यमापनाचे प्रश्न पुन्हा वाचले. डॅकचे सहाही निकष घेतलेत: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. प्रत्येकाखाली प्रश्नांची रांग. कुणीतरी जुन्या टीओआरमधून उचलून ठेवलेत हे दिसतं. सुसंगती हा निकष २०१९ मध्ये आला, तो शेवटी वेगळ्या फाँटमध्ये चिकटवलाय. यातला प्रभावाचा प्रश्न आत्ता विचारण्यात अर्थ नाही. पण पाणी समित्या पंप दुरुस्तीचे पैसे गोळा करतात का, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, बंद पडलेले पंप किती काळ बंद राहतात, याची माहिती देशोदेशीच्या नोंदवह्यांमध्ये चांगली आहे. व्याख्येचा घोळ तिथे नाही. आणि पुढच्या टप्प्याचा निर्णय खरं तर याच माहितीवर व्हायला हवा, कारण पंप बसवणं जमतंय हे सगळ्यांना माहीत आहे. ते चालू राहतात का, हे माहीत नाही.

अजून एक चिंता. दुय्यम माहितीवर आम्ही सगळे फार विसंबलेलो आहोत. डीएचएस, म्हणजे लोकसंख्या व आरोग्याच्या राष्ट्रीय पाहण्या, १९८४ पासून चालू होत्या, ९० च्या वर देशांत झाल्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएआयडी या आपल्या परदेशी मदत संस्थेचे करार रद्द केले त्यात तो कार्यक्रमही थांबवला गेला. ‘तुलनेसाठी राष्ट्रीय पाहणी वापरू’ असं ज्यांनी ज्यांनी आपल्या योजनेत लिहिलंय, त्यांनी ती पुढची पाहणी खरंच होणार आहे का हे त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला विचारून घ्यावं. मिलेनियम व्हिलेजेसच्या वादात हीच सार्वजनिक माहिती कामी आली होती, हे वर आलंच आहे.

---

शिदोरी

घानाचं उदाहरण वाचून बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या, धन्यवाद.

एक व्यवहाराचा प्रश्न. ही तपासणी हाती आली तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं? आणि कार्यक्रमातल्याच माणसाने केली तर चालते का, की बाहेरचाच माणूस हवा?

---

नोंदवही

मी काय करते ते सांगते, पद्धत प्रत्येकाची वेगळी असते.

आधी कागद. मूळ प्रस्ताव आणि लॉगफ्रेमच्या (उद्दिष्टं, निर्देशक, लक्ष्यं यांच्या तक्त्याच्या) सगळ्या आवृत्त्या, फक्त शेवटची नाही. आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुठलं उद्दिष्ट गुपचूप गळालं, कुठलं लक्ष्य खाली आलं ते दिसतं. मग वार्षिक आढावे, आणि अंदाजपत्रकात देखरेखीसाठी किती पैसे ठेवले होते व त्यातले किती खर्च झाले. हा शेवटचा आकडा खूप बोलतो.

मग माणसं. कार्यक्रमप्रमुख, देशातला समन्वयक आणि देणगीदाराचा अधिकारी या तिघांना वेगवेगळं भेटते आणि एकच गोष्ट मागते: कामापासून शेवटच्या बदलापर्यंतची साखळी कोऱ्या कागदावर काढून द्या, छापील चित्र बघायचं नाही. तिन्ही कागद एकत्र ठेवते. गेल्या खेपेला एकाच्या कागदावर शेवटी ‘मुलांचं आजारपण कमी’ होतं, दुसऱ्याच्या ‘बायकांचा वेळ वाचला’, तिसऱ्याच्या ‘स्थानिक सरकार स्वतः खर्च करू लागलं’. तिन्ही चांगल्याच गोष्टी. पण यातली कुठली घडली म्हणजे कार्यक्रम यशस्वी, यावर तिघांचं एकमत होईपर्यंत मूल्यमापकाला बोलावू नये.

शेवटचा प्रश्न देणगीदाराला एकट्याला: अहवाल वाईट आला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि तो निर्णय कुठल्या बैठकीत, कुठल्या महिन्यात होतो? उत्तर मिळालं नाही तर ते तसंच लिहून ठेवते.

बाहेरचा की आतला, याबद्दल माझं मत असं: पहिल्या वर्षीची तपासणी आतल्या माणसाने केली तरी चालते, कारण तिचा हेतू दुरुस्ती हा असतो. टीओआरच्या आधीची मात्र बाहेरच्याने करावी, आणि त्याने पुढे तेच मूल्यमापन करण्यासाठी निविदा भरू नये. नाहीतर ‘नको’ लिहिणं त्याच्याच पोटावर येतं.

---

मोजपट्टी

कागदांमध्ये एकाची भर घाला: कच्ची माहिती. तक्ते नकोत, पीडीएफ नको, कुटुंबागणिक नोंदी. बेसलाइनचा ओळख क्रमांक एंडलाइनला जुळतो का, रकान्यांचा अर्थ सांगणारी कोडबुक आहे का, हे प्रत्यक्ष फाइल उघडूनच कळतं. ‘माहिती उपलब्ध आहे’ या वाक्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

आणि ती फाइल आहे कुणाकडे? बरेचदा पाहणी करणाऱ्या कंपनीकडे. करार संपलेला, टॅबलेट परत गेलेले, ज्याने प्रश्नावली बनवली तो दुसरीकडे नोकरीला. @नोंदवही, तुमच्या मूळ नोंदी मिळत नाहीत त्याचं कारण हेच असावं असा माझा अंदाज आहे.

---

नोंदवही

अंदाज बरोबर आहे. दोन देशांत नेमकं असंच झालंय. कराराची प्रत मागवली आहे.

---

उंबरठा

करार आला की त्यात दोन कलमं शोधा. कच्च्या माहितीची मालकी कुणाची, आणि ती कुठल्या स्वरूपात, कधीपर्यंत सुपूर्द करायची. नसतील तर पुढच्या पाहणीच्या करारात घाला आणि शेवटचा हप्ता त्या सुपूर्दगीशी बांधा. आमच्याकडे हे केल्यापासून फाइल वेळेवर येते.

पण फाइल हाती आली म्हणजे ती वापरायची परवानगी मिळाली असं नाही. बेसलाइनच्या वेळी कुटुंबांना वाचून दाखवलेलं संमतिपत्र काढून बघा. ‘ही माहिती या पाहणीपुरतीच वापरली जाईल’ असं त्यात असेल तर चार वर्षांनी ती दुसऱ्या संस्थेच्या मूल्यमापकाला नावानिशी देता येणार नाही. तसं असेल तर नावं, फोन, घराचं नेमकं ठिकाण काढून टाकावं लागेल, आणि मग तीच कुटुंबं पुन्हा शोधायची कशी हा प्रश्न उभा राहील. आमच्या इथे गाव समितीमार्फत पुन्हा संमती घेतली. वेळ लागला, काही घरांनी नाही म्हटलं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या नोंदी आम्ही वगळल्या आणि किती वगळल्या ते अहवालात लिहिलं.

तुमच्या देशांमधली संमतिपत्रं स्थानिक भाषेत असतील. इंग्रजी प्रत बघून ठरवू नका, प्रत्यक्ष वाचून दाखवलेली प्रत मागा. दोन्हींमध्ये फरक असतो.